मेरी फॉर्च्यून

मेरी हेलेना फॉर्च्यून (माहेरचे आडनाव विल्सन, जन्म : इ.स. १८३३च्या सुमारास, बेलफास्ट, आयर्लंड. मृत्यू : इ.स. १९११, ऑस्ट्रेलिया) या एकोणिसाव्या शतकातील ऑस्ट्रेलियन कथालेखिका, कवयित्री व पत्रकार होत्या. 'वेफ वाँडर' आणि 'डब्ल्यू. डब्ल्यू.' या टोपणनावांनी त्यांनी सुमारे चार दशके लेखन केले. पोलीस तपासाच्या कथा लिहिणाऱ्या जगातील अगदी पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. 'द डिटेक्टिव्हज अल्बम' ही त्यांची हेरकथांची माला इ.स. १८६८ ते १९०८ या काळात 'ऑस्ट्रेलियन जर्नल' या नियतकालिकात चालू होती आणि तीत पाचशेहून अधिक कथा प्रसिद्ध झाल्या. त्या काळातील हेरकथांची इतकी दीर्घकाळ चाललेली दुसरी माला आढळत नाही. असे असूनही त्यांच्या हयातीत वाचकांना त्यांचे खरे नाव कळले नाही आणि मृत्यूनंतर अर्धे शतक ते कोणाच्या स्मरणातही नव्हते.

टोपणनाव

इंग्रजीत 'वेफ' म्हणजे बेवारशी, निराधार मूल किंवा ज्याला धनी नाही अशी वस्तू. 'वाँडर' म्हणजे भटकणे. दोन्ही शब्द मिळून होणारा अर्थ त्यांच्या आयुष्याला तंतोतंत लागू पडतो. आईवेगळी झालेली मुलगी, तीन खंडांतील वास्तव्य, मोडलेले दोन संसार आणि मेलबर्नमधील भाड्याच्या खोल्यांतून चाललेले फिरतीचे जिणे, हे सारे त्या नावात आले आहे. कविता, कादंबऱ्या व आठवणी यांखाली 'वेफ वाँडर' असे पूर्ण नाव येई, तर हेरकथांखाली बहुधा 'डब्ल्यू. डब्ल्यू.' ही आद्याक्षरे असत. या कथा गुप्तपोलिसाच्या तोंडून, पुरुषी निवेदनात सांगितलेल्या असल्याने अनेक वाचकांनी त्या एखाद्या निवृत्त पोलीस अधिकाऱ्याच्याच मानल्या असतील तर त्यात नवल नाही. नाव लपवण्याची आणखीही कारणे फॉर्च्यून यांना होती. ती पुढे त्यांच्या चरित्राच्या ओघात येतील.

पूर्वायुष्य

मेरी यांचे वडील जॉर्ज विल्सन हे अभियंता होते. आई एलेनॉर यांचे निधन मेरी लहान असतानाच झाले. एकुलत्या एका मुलीला घेऊन वडिलांनी आयर्लंड सोडले व ते कॅनडात स्थायिक झाले. तेथे क्वेबेक प्रांतातील मेलबर्न नावाच्या गावी इ.स. १८५१मध्ये मेरी यांचा विवाह जोसेफ फॉर्च्यून या भूमापकाशी झाला. (पुढे ज्या शहरात त्यांचे आयुष्य गेले त्याचेही नाव मेलबर्नच असावे हा केवळ योगायोग.) या दांपत्याला जोसेफ जॉर्ज हा मुलगा झाला.

ज्या वर्षी मेरी यांचे लग्न झाले त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया ही स्वतंत्र वसाहत झाली आणि काही आठवड्यांतच तेथे सोने सापडले. जगभरातून माणसांचा लोंढा तिकडे वळला. जॉर्ज विल्सनही मुलीला कॅनडात ठेवून सोन्याच्या प्रदेशात गेले. इ.स. १८५५मध्ये त्यांच्या मागोमाग मेरी लहान मुलाला घेऊन निघाल्या आणि ऑक्टोबर महिन्यात मेलबर्न बंदरात उतरल्या. पती त्यांच्याबरोबर नव्हते. लहान मूल घेऊन, पतीला मागे ठेवून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाण्याचा निर्णय त्या काळच्या मध्यमवर्गीय स्त्रीसाठी साधा नव्हता आणि या निर्णयानेच त्यांच्या पुढील आयुष्याला वळण दिले.

सोन्याच्या प्रदेशात

मेरी पोहोचल्या तेव्हा बॅलरॅट येथील युरेका स्टॉकेडच्या उठावाला वर्षही झाले नव्हते. परवाना शुल्काच्या जाचाविरुद्ध खाणकामगारांनी केलेला हा सशस्त्र उठाव ३ डिसेंबर १८५४ रोजी सैन्याने मोडून काढला होता. पण त्यानंतर परवान्याची पद्धत रद्द करून अल्प शुल्काचा 'खाणकामगाराचा हक्क' देणे सरकारला भाग पडले. सोने पृष्ठभागाजवळ होते तोवर एकटादुकटा माणूसही फावडे आणि टोपले घेऊन नशीब आजमावू शकत असे. एखाद्या ओढ्याकाठी सोने लागल्याची आवई उठली की आठवड्याभरात तेथे हजारो तंबूंचे गाव उभे राही आणि दुसरीकडची बातमी आली की ते तितक्याच वेगाने ओस पडे. कापडी भिंतींची दुकाने, दारूचे गुत्ते, चिखलाने भरलेले रस्ते, रात्रीच्या शेकोट्या आणि त्यांच्या मधूनमधून उघडी पडलेली खोल विवरे, असे त्या वस्त्यांचे रूप होते.

वडिलांबरोबर मेरी अशाच वस्त्यांतून फिरल्या. खाणकामगारांना लागणारा किराणा व अवजारे विकण्याचे दुकान त्यांच्याकडे होते; त्यामुळे नाना देशांची आणि नाना थरांची माणसे त्यांच्यासमोरून गेली. दुकानाच्या फळीमागे उभे राहून पाहिलेले हे जग त्यांना जन्मभर पुरले. खाणीच्या विवरात फेकलेले प्रेत, सोन्यासाठी भागीदाराने केलेला घात, नाव बदलून नवे आयुष्य सुरू केलेला माणूस हे त्यांच्या कथांतील वारंवार येणारे विषय त्यांनी पुस्तकांतून घेतलेले नाहीत. सोन्याच्या प्रदेशात कोणी कोणाला पूर्वेतिहास विचारत नसे, आणि रहस्यकथेला याहून सुपीक भूमी क्वचितच मिळेल.

नोव्हेंबर १८५६मध्ये बॅलरॅटजवळच्या बनिनयाँग येथे त्यांना दुसरा मुलगा झाला. त्याचे नाव ईस्टबोर्न वॉड्री असे ठेवण्यात आले. पुढे तो जॉर्ज या नावाने ओळखला जाई. जन्मनोंदीत वडील म्हणून जोसेफ फॉर्च्यून यांचे नाव आहे, परंतु जोसेफ कधी ऑस्ट्रेलियात आल्याचे दिसत नाही. हे मूल विवाहबाह्य संबंधातून झाले असावे असे अभ्यासक मानतात. इ.स. १८५८च्या आरंभी थोरला मुलगा जोसेफ जॉर्ज आजाराने दगावला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डनॉली या खाणगावी मेरी यांनी पर्सी रोलो ब्रेट या घोडेस्वार पोलीस शिपायाशी विवाह केला. विवाहाच्या नोंदीत त्यांनी स्वतःला विधवा म्हटले आहे. वास्तविक जोसेफ फॉर्च्यून तेव्हा कॅनडात हयात होते. त्यांचा मृत्यू इ.स. १८६१मध्ये झाला. म्हणजे हा दुसरा विवाह कायद्याच्या दृष्टीने गुन्हा ठरत होता. अर्थात घटस्फोट जवळजवळ अशक्य असलेल्या त्या काळात पहिला संसार तुटला की जोडीदाराला मृत समजून नवा मांडणे वसाहतींत अगदीच दुर्मीळ नव्हते. ब्रेट यांच्याशी संसारही फार काळ टिकला नाही. ते न्यू साउथ वेल्समध्ये निघून गेले आणि इ.स. १८६६मध्ये त्यांनी स्वतःला अविवाहित म्हणवून पुन्हा लग्न केले.

या अल्पकालीन विवाहाचा वाङ्मयीन लाभ मात्र मोठा झाला. पोलीस चौकीचा दिनक्रम, हद्दी, कागदपत्रे, पंचनामे, वरिष्ठ व कनिष्ठ यांतील हेवेदावे, बक्षिसाच्या रकमेची ओढ या बाबी फॉर्च्यून यांच्या कथांत ज्या सहजतेने येतात ती सहजता बाहेरून माहिती गोळा करणाऱ्याला येत नाही. गुप्तपोलिसाच्या कथा लिहिणाऱ्या त्यांच्या समकालीन इंग्रज लेखकांपैकी फार थोड्यांना पोलिसाच्या घरात राहिल्याचा अनुभव होता.

लेखनाचा आरंभ

खाणगावांत निघणाऱ्या वृत्तपत्रांकडे फॉर्च्यून यांनी आद्याक्षरांनिशी कविता व मजकूर पाठवायला सुरुवात केली. कॅसलमेन येथील 'माउंट अलेक्झांडर मेल' या वृत्तपत्राच्या संपादकांना तो इतका पसंत पडला की त्यांनी या अज्ञात लेखकाला उपसंपादकाची जागा देऊ केली. लेखक प्रत्यक्ष समोर आला तेव्हा ती एक स्त्री असल्याचे दिसले आणि नोकरीची गोष्ट तेथेच संपली. ही हकिकत फॉर्च्यून यांनीच पुढे आपल्या आठवणींत नोंदवली आहे. त्यानंतर चाळीस वर्षे त्यांनी प्रामुख्याने अशा नियतकालिकासाठी लिहिले ज्याच्या वाचकांना लेखक स्त्री की पुरुष हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

हे नियतकालिक म्हणजे सप्टेंबर १८६५मध्ये मेलबर्न येथे सुरू झालेले 'ऑस्ट्रेलियन जर्नल'. लंडनच्या स्वस्त कौटुंबिक साप्ताहिकांच्या धर्तीवर निघालेल्या या पत्रात क्रमशः कादंबऱ्या, लघुकथा, कविता, पाककृती, वाचकांच्या पत्रांना उत्तरे असा मजकूर असे. आरंभी साप्ताहिक असलेले हे पत्र पुढे मासिक झाले आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालले. मार्कस क्लार्क यांची ऑस्ट्रेलियातील कैद्यांच्या जीवनावरील प्रसिद्ध कादंबरी 'हिज नॅचरल लाइफ' इ.स. १८७० ते १८७२ या काळात येथेच प्रथम छापली गेली. फॉर्च्यून यांचे नाव पहिल्याच वर्षापासून या पत्रात दिसते. एकट्या इ.स. १८६६मध्ये कथा व कवितांखेरीज 'बर्थाज लेगसी' या क्रमशः कादंबरीसह त्यांचे विपुल लेखन प्रसिद्ध झाले. यावरून त्या किती वेगाने लिहीत असतील याची कल्पना येते. एकट्या बाईला मूल पोसायचे होते आणि लेखणी हेच उत्पन्नाचे साधन होते.

बोर्लेस प्रकरण

'ऑस्ट्रेलियन जर्नल'मध्ये पोलीसकथांची सुरुवात दोन लेखकांनी केली. त्यांपैकी एक फॉर्च्यून आणि दुसरे जेम्स स्किप बोर्लेस. इंग्लंडहून आलेले बोर्लेस व्यवसायाने वकील. लेखक म्हणून चटपटीत, पण दुसऱ्याच्या मजकुराचा मोह न आवरणारे होते. वाङ्मयचौर्य उघडकीस आल्यावर जर्नलने त्यांच्याशी संबंध तोडले. इंग्लंडला परतण्यापूर्वी व नंतर त्यांनी ऑस्ट्रेलियातील कथांचे संग्रह स्वतःच्या नावाने काढले. त्यांतील इ.स. १८६७च्या 'द नाइट फॉसिकर्स' या संग्रहात फॉर्च्यून यांचे लेखनही समाविष्ट झाले. टोपणनावाने लिहिणाऱ्या आणि समाजासमोर येण्याची भीती असलेल्या स्त्रीला अशा वेळी दाद मागणे कठीण होते.

त्या पहिल्या वर्षातील काही कथा सहीविना छापल्या गेल्याने त्यांचे कर्तृत्व कोणाचे हा प्रश्न शतकाहून अधिक काळ तसाच पडून होता. इ.स. १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलियन अभ्यासक जॉन बरोज आणि लूसी ससेक्स यांनी संगणकाच्या साहाय्याने या कथांची तपासणी केली. प्रत्येक लेखक अगदी साधी, नकळत वापरली जाणारी अव्यये व सर्वनामे ठराविक प्रमाणात योजतो. ते प्रमाण मोजले की बोटाच्या ठशासारखी लेखकाची खूण हाती लागते, असे या पद्धतीचे तत्त्व आहे. हेरकथांच्या लेखिकेचा माग अशा हेरगिरीने काढावा लागला, हा योग खास म्हणावा लागेल.

'द डेड विटनेस'

२० जानेवारी १८६६ रोजी 'ऑस्ट्रेलियन जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेली 'द डेड विटनेस; ऑर, द बुश वॉटरहोल' ही फॉर्च्यून यांची आज सर्वाधिक परिचित कथा होय. एका स्त्रीने लिहिलेल्या जगातील सर्वांत आरंभीच्या हेरकथांमध्ये तिचा समावेश होतो.

निसर्गदृश्ये टिपण्यासाठी रानात गेलेला एक तरुण छायाचित्रकार नाहीसा होतो. त्याच्या शोधासाठी आलेला गुप्तपोलीस त्याच्या साहित्याचा व मार्गाचा माग काढत रानातील एका डोहापाशी येतो. छायाचित्राच्या काचेवर खुन्याचे रूप उमटलेले असते आणि अखेरीस डोहातून वर येणारे प्रेत उरलेले काम करते. शीर्षकातील मृत साक्षीदार हा असा दुहेरी आहे. छायाचित्रणाची कला तेव्हा सुमारे पंचवीस वर्षांची होती. तिचा पुरावा म्हणून उपयोग करण्याची कल्पना एका खाणगावात राहणाऱ्या लेखिकेला सुचावी आणि तिने तिच्याभोवती संपूर्ण कथा रचावी, हे लक्षणीय आहे. कथेचे यश मात्र केवळ या युक्तीत नाही. दुपारच्या उन्हातील निःशब्द रान, डोहाचे काळे पाणी आणि त्याच्याकडे टक लावून पाहणारा अपराधी यांचे वर्णन आजही अंगावर काटा आणते.

या कथेचे स्थान कालानुक्रमाने पाहिले म्हणजे अधिक स्पष्ट होते. एडगर ॲलन पो यांची 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' ही कथा इ.स. १८४१ची. 'वॉटर्स' या टोपणनावाने विल्यम रसेल यांनी लिहिलेल्या लंडनच्या गुप्तपोलिसाच्या कथा इ.स. १८४९पासून पुढच्या. ॲना कॅथरीन ग्रीन यांची 'द लेव्हनवर्थ केस' ही गाजलेली अमेरिकन कादंबरी इ.स. १८७८ची, मेलबर्नमध्येच घडणारी फर्गस ह्यूम यांची 'द मिस्टरी ऑफ अ हॅन्सम कॅब' इ.स. १८८६ची आणि शेरलॉक होम्स वाचकांसमोर आला तो इ.स. १८८७मध्ये. होम्सच्या जन्माच्या वेळी फॉर्च्यून यांना हेरकथा लिहू लागून वीस वर्षे उलटून गेली होती.

'द डिटेक्टिव्हज अल्बम'

इ.स. १८६८पासून फॉर्च्यून यांनी 'द डिटेक्टिव्हज अल्बम' या सामायिक मथळ्याखाली पोलीसकथा लिहिण्यास आरंभ केला. मार्क सिंक्लेअर हा गुप्तपोलीस आपल्या संग्रहातील गुन्हेगारांची छायाचित्रे उलगडत त्यांमागच्या हकिकती सांगतो, अशी मालेची मूळ कल्पना. निवेदकाला प्रकांड बुद्धिमत्ता दिलेली नाही. तो चुकतो, थकतो, कधी योगायोगाने तर कधी केवळ चिकाटीने उलगड्यापर्यंत पोहोचतो. एकमेवाद्वितीय नायकाऐवजी पगारी नोकर असलेला पोलीस कथेच्या केंद्रस्थानी ठेवल्यामुळे या कथा वास्तवाच्या जवळ राहिल्या. विसाव्या शतकात लोकप्रिय झालेल्या पोलीस तपासाच्या कादंबरीशी त्यांचे नाते अधिक जवळचे वाटते.

मालेतील काही कथा इ.स. १८७१मध्ये 'द डिटेक्टिव्हज अल्बम : टेल्स ऑफ द ऑस्ट्रेलियन पोलीस' या नावाने ग्रंथरूपात निघाल्या. ऑस्ट्रेलियात प्रकाशित झालेला हेरकथांचा हा पहिला संग्रह मानला जातो. मुखपृष्ठावर लेखक म्हणून 'डब्ल्यू. डब्ल्यू.' एवढीच अक्षरे होती. फॉर्च्यून यांच्या हयातीत निघालेले हे त्यांचे एकमेव कथापुस्तक. पाचशे कथांपैकी एवढ्याच ग्रंथाच्या आश्रयाने टिकल्या. बाकीच्या नियतकालिकाच्या जुन्या अंकांबरोबर माळ्यावर आणि रद्दीत गेल्या. वाङ्मयाच्या इतिहासकारांची नजर पुस्तकांवर असते. त्यामुळे फॉर्च्यून विस्मरणात जाण्याचे हेच प्रमुख कारण ठरले.

या कथांतील स्त्रिया विशेष लक्षात राहतात. मारहाण करणारा नवरा, फसवून सोडून दिलेली मोलकरीण, अत्याचार झालेली तरुणी हे विषय त्या काळच्या कौटुंबिक नियतकालिकात आडपडद्यानेच येत. फॉर्च्यून ते बऱ्याच स्पष्टपणे मांडतात, आणि पोलिसाचे निवेदन त्यांना त्यासाठी उपयोगी पडते. कारण पोलिसाने अशा गोष्टी सांगितल्या तर त्या असभ्य ठरत नसत. बाईच्या नावाने त्याच गोष्टी छापल्या गेल्या असत्या का, याची शंका आहे. याउलट ज्या भूमीवर हे सारे घडते तिच्या मूळ रहिवाशांकडे पाहण्याची त्यांची दृष्टी त्या काळच्या गोऱ्या वसाहतवाल्यांहून वेगळी नाही, ही मर्यादा नमूद करणे आवश्यक आहे. शिवाय चाळीस वर्षे दरमहा कथा पुरवताना तोचतोचपणा आला, योगायोगांची रेलचेल झाली, आणि उत्तरकाळातील अनेक कथा सवयीने लिहिल्यासारख्या वाटतात.

इतर लेखन

गूढ व भयकथांमध्ये इ.स. १८६७ची 'द व्हाइट मेनिॲक : अ डॉक्टर्स टेल' ही कथा उल्लेखनीय आहे. लंडनमधील एका घरात सर्व काही पांढरे ठेवलेले असते, कारण तेथे राहणाऱ्या तरुणीला लाल रंग दृष्टीस पडताच रक्ताची तहान लागते. वैद्याच्या निवेदनातून उलगडणारी ही कथा ब्रॅम स्टोकर यांच्या 'ड्रॅक्युला'च्या तीस वर्षे आधीची आहे. 'क्लायझिया द ड्वार्फ' आणि वाटमारी करणाऱ्या दरोडेखोराच्या जीवनावरील 'द बुशरेंजर्स ऑटोबायोग्राफी' या त्यांच्या अन्य क्रमशः कादंबऱ्या होत.

खाणगावे ओसरू लागल्यावर फॉर्च्यून मेलबर्नला आल्या. तेथे त्यांनी 'वेफ वाँडर' या नावाने शहरजीवनावर लिहिलेले लेख त्यांच्या हेरकथांपेक्षा सरस आहेत असे मानणारा वाचकवर्ग आहे. इ.स. १८६८मधील 'डाउन बर्क स्ट्रीट' या लेखात शनिवार रात्रीच्या गजबजलेल्या रस्त्यावर हिंडणारी एकटी स्त्री दिसते. तेथील दिव्यांचा झगमगाट, दुकाने, नाटकगृहे, दारूडे, फेरीवाले आणि पोटासाठी उभ्या असलेल्या मुली यांच्याकडे ती कुतूहलाने व बिनदिक्कत पाहते. भाड्याची खोली शोधणे, जाहिरातींना भुलून नोकरीच्या मागे हिंडणे आणि त्यात फसवले जाणे या विषयांवरही त्यांनी खुसखुशीत शैलीत लिहिले. अशा लेखांत विनोदाखाली दडलेली विवंचना सहज जाणवते. रस्त्यावरून निरुद्देश भटकत शहर टिपणारा लेखक हा एकोणिसाव्या शतकात बहुधा पुरुष असे. फॉर्च्यून यांचे लेखन या दृष्टीनेही अपवादात्मक आहे.

इ.स. १८८२–८३मध्ये 'ट्वेंटी-सिक्स इयर्स अगो. ऑर, द डिगिंग्ज फ्रॉम '५५' या शीर्षकाने त्यांनी खाणप्रदेशाच्या आठवणी लिहिल्या. मुलाचे हाल, तंबूतील गृहिणीपण, वडिलांची भेट हे प्रसंग त्यात तपशीलवार येतात. दोन्ही पतींबद्दल मात्र त्यांत जवळजवळ मौन आहे. शंभर वर्षांनंतर या आठवणींनीच त्यांच्या ओळखीचे दार उघडले.

मुलगा जॉर्ज आणि हलाखीचे दिवस

फॉर्च्यून यांच्या खासगी आयुष्याची जी कागदपत्रे उपलब्ध झाली त्यांतील बरीच पोलीस आणि तुरुंग यांच्या दप्तरांतील आहेत. मुलगा जॉर्ज किशोरवयातच चोरीच्या मार्गाला लागला आणि त्याला मुलांच्या सुधारगृहात ठेवण्यात आले. तेथून बाहेर पडल्यावर तो घरफोडी व तिजोरी फोडण्याच्या गुन्ह्यांत सापडत गेला आणि आयुष्याची अनेक वर्षे त्याने तुरुंगात काढली. ज्या काळात आई गुन्हेगार पकडणाऱ्या पोलिसाच्या तोंडून दरमहा एक कथा सांगत होती, त्या काळात तिचा मुलगा त्याच पोलिसांच्या नोंदवहीत होता. मालेतील कथांत वाया गेलेल्या मुलांविषयी आणि त्यांना पाठीशी घालणाऱ्या आयांविषयी दिसणारी कणव या पार्श्वभूमीवर वेगळ्या प्रकारे वाचावी लागते.

फॉर्च्यून यांना मद्याचे व्यसन होते. इ.स. १८७४च्या व्हिक्टोरिया पोलिसांच्या राजपत्रात त्यांच्या शोधासाठी एक सूचना छापली गेली. बलात्काराच्या एका प्रकरणात त्या साक्षीदार होत्या व साक्ष देण्यास नाखूश होत्या. त्यांचा ठावठिकाणा पोलिसांना हवा होता. त्या सूचनेत सुमारे ४० वर्षे वय, उंच व कृश बांधा, फिकट वर्ण, गडद रंगाचे जाकीट व झगा, काळी टोपी आणि जुने बूट असे वर्णन असून, दारूच्या आहारी गेल्याने त्यांना अनेकदा कोठडीत ठेवावे लागले होते आणि शहरातील पत्रांतून त्या लेखन करीत, असेही म्हटले आहे. फॉर्च्यून यांचे शब्दचित्र म्हणून आज एवढेच उपलब्ध आहे, आणि तेही त्यांनी स्वतः ज्या खात्याच्या कथा लिहिल्या त्या खात्याने काढलेले.

फसलेला पहिला संसार, बेकायदा ठरू शकणारा दुसरा विवाह, जन्माविषयी प्रश्न असलेला व तुरुंगात गेलेला मुलगा आणि व्यसन, यांपैकी एखादी गोष्टही बाहेर आली असती तरी कौटुंबिक वाचनाच्या नियतकालिकातून त्यांचे नाव कमी झाले असते. संपादकांना बहुधा काही गोष्टी ठाऊक असाव्यात. त्यांनी त्या बाहेर येऊ दिल्या नाहीत.

अखेरचा काळ

उतारवयात फॉर्च्यून यांची दृष्टी मंदावली आणि लिहिणे कठीण होत गेले. इ.स. १९०८नंतर मालेत त्यांची नवी कथा आली नाही. 'ऑस्ट्रेलियन जर्नल'ने त्यांना निर्वाहापुरती वार्षिक रक्कम सुरू केली. चाळीस वर्षांच्या सेवेच्या मानाने ती थोडी वाटली तरी त्या काळात नियतकालिकाने एखाद्या लेखकाला असे निवृत्तिवेतन देणे विरळाच होते. इ.स. १९११मध्ये त्यांचे निधन झाले. वृत्तपत्रांत मृत्युलेख आले नाहीत. अंत्यविधीचा खर्च नियतकालिकाने केला आणि त्यांचे दफन दुसऱ्याच्या मालकीच्या थडग्यात झाले.

ओळखीचा शोध

विसाव्या शतकाच्या मध्यास मेलबर्नमधील ग्रंथसंग्राहक जे. के. मॉयर यांनी 'वेफ वाँडर' म्हणजे श्रीमती फॉर्च्यून ही बाब प्रथम नोंदवली. त्यांच्या संग्रहात आलेल्या हस्तलिखितांवर एम. एच. फॉर्च्यून अशी सही होती. मात्र ही बाई कोण, कुठली, तिचे पहिले नाव काय, यांचा उलगडा तेवढ्याने झाला नाही.

इ.स. १९८०च्या दशकात लूसी ससेक्स यांनी या शोधाला हात घातला. खाणप्रदेशाच्या आठवणींत लेखिकेने पतीचे नाव टाळले होते, पण मुलाच्या जन्माचे ठिकाण व काळ यांचे धागे सोडले होते. ससेक्स यांनी जन्म, विवाह व मृत्यू यांच्या सरकारी नोंदींशी ते ताडून पाहिले आणि बनिनयाँगच्या जन्मनोंदीतून मेरी हेलेना विल्सन हे नाव बाहेर आले. त्यानंतर कॅनडातील विवाह, ब्रेट प्रकरण, पोलीस राजपत्रातील सूचना या गोष्टी एकामागून एक सापडत गेल्या. इ.स. १९८९मध्ये त्यांनी संपादित केलेला 'द फॉर्च्यून्स ऑफ मेरी फॉर्च्यून' हा आठवणी व लेखांचा संग्रह निघाला. मृत्यूचे वर्ष तरीही अनिश्चित होते, संदर्भग्रंथांत इ.स. १९०९ किंवा १९१० असा अंदाज दिला जाई. इ.स. १९११ हे वर्ष निश्चित होण्यास २०१६ साल उजाडावे लागले.

मायकेल सिम्स यांनी व्हिक्टोरियन हेरकथांचा एक प्रातिनिधिक संग्रह संपादित केला तेव्हा त्याला फॉर्च्यून यांच्या 'द डेड विटनेस' या कथेचेच नाव दिले. लूसी ससेक्स व मेगन ब्राउन यांनी लिहिलेले माय-लेकांचे संयुक्त चरित्र 'आउटरेजस फॉर्च्यून्स' इ.स. २०२५मध्ये प्रसिद्ध झाले. 'द डिटेक्टिव्हज अल्बम'मधील बहुतांश कथा मात्र अद्याप 'ऑस्ट्रेलियन जर्नल'च्या मूळ अंकांतच वाचाव्या लागतात.